पुळणीवर चढणारी मध्यम जहाजे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाला विचारा, बोट वाळूत रुतणे म्हणजे काय, आणि त्याच्या काळजाचा ठोका चुकेल. आज मी ज्या जहाजांविषयी बोलणार आहे, त्यांचे मात्र कामच मुळी पुळणीवर जाऊन रुतण्याचे होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने बांधलेले 'लँडिंग शिप मीडियम', संक्षेपाने एलएसएम, हे त्या जातीचे जहाज.

मध्यम आकाराची गरज का पडली, हे आधी समजून घेऊ. रणगाडे वाहून नेणारे मोठे जहाज, म्हणजे एलएसटी, सुमारे शंभर मीटर लांबीचे होते. त्यात पुष्कळ मावत असे, पण ते संथ होते आणि शत्रूच्या तोफांना सहज सापडणारे होते. त्याउलट रणगाडे उतरवणाऱ्या लहान नौका खुल्या महासागरात स्वतःच्या बळावर दूरवर जाण्याच्या कामाच्या नव्हत्या. या दोहोंच्या मध्ये, ताफ्याच्या बरोबरीने महासागर ओलांडेल आणि तरीही उथळ किनाऱ्याला भिडेल, असे सुमारे ६२ मीटर लांबीचे आणि ताशी तेरा सागरी मैलांच्या आसपास वेगाचे जहाज १९४४ मध्ये पाण्यात आले. त्यात पाच मध्यम किंवा तीन जड रणगाडे मावत. पूर्ण भरल्यावरही त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, जेमतेम दोन मीटर पाण्यात असे. युद्ध संपेपर्यंत अशी ५५८ जहाजे बांधली गेली आणि ती बांधणाऱ्यांत रेल्वेचे डबे तयार करणारा शिकागोचा एक कारखानाही होता.

या जहाजाची रचना पाहण्यासारखी आहे. मधला सगळा भाग वरून उघडा, रणगाड्यांसाठी मोकळा सोडलेला. म्हणून कप्तानाचा गोल मनोरा मध्यावर न ठेवता उजव्या बगलेला नेलेला. नाळेला दोन कवाडे आणि त्यांच्या आत खाली पडणारा उतरता फळा. किनारा जवळ आला की पिछाडीचा नांगर समुद्रात सोडायचा आणि त्याचा दोर हळूहळू सैल करीत, जहाज सरळ रोखून पुळणीवर चढवायचे. कवाडे उघडायची, फळा टाकायचा, रणगाडे बाहेर काढायचे. मग त्याच मागच्या नांगराचा दोर यंत्राने ओढत आणि इंजिने उलटी फिरवत जहाजाने स्वतःला वाळूतून सोडवून घ्यायचे. त्या नांगराने तळ धरला नाही, तर लाट जहाजाला आडवे फिरवते आणि मग ते सहजी सुटत नाही. माझ्या मते या जहाजाचे सारे भवितव्य त्या एका नांगरावर अवलंबून होते आणि युद्धाच्या वर्णनांत त्याला फार थोडी जागा मिळाली आहे.

फेब्रुवारी १९४५ मध्ये जपानच्या इवो जिमा बेटावर हेच घडले. तिथली पुळण ज्वालामुखीच्या काळ्या, भुसभुशीत वाळूची आणि एकदम खोल जाणारी होती. नांगर तिथे घट्ट बसेनात, लाटा जहाजांना किनाऱ्याशी आडव्या करू लागल्या, आणि जे रणगाडे उतरले त्यांचे पट्टेही त्या वाळूत रुतू लागले.

मधला भाग उघडा असल्याने या सांगाड्यातून वेगळ्या कामाची जहाजेही घडवता आली. त्यांतले सर्वांत उग्र रूप म्हणजे रॉकेट-जहाज. त्याच्या नाळेची कवाडे काढून टाकली, रणगाड्यांच्या जागेवर पक्की डेक घातली आणि तिच्यावर रॉकेट सोडणाऱ्या चौकटींच्या रांगा बसवल्या. पिछाडीला पाच इंची तोफ ठेवली. ५५८ पैकी साठ जहाजे या रूपात आली. सैनिक किनाऱ्याला लागण्याच्या आधीच्या मोजक्या मिनिटांत, जवळ जाऊन शेकडो रॉकेटे किनाऱ्यावर ओतणे हे त्यांचे काम. मात्र सुरुवातीच्या जहाजांनी एकदा मारा केला की सगळ्या चौकटी पुन्हा हातांनी भराव्या लागत.

जपानच्या ओकिनावा बेटाच्या लढाईत त्यांना एक निराळेच काम मिळाले. बेटाभोवती दूरवर पहारा देणाऱ्या रडारधारी विनाशिकांच्या मदतीला ती नेमली गेली, आणि ३ व ४ मे १९४५ या दोन दिवसांत १९५, १९० आणि १९४ क्रमांकांची तीन रॉकेट-जहाजे जपानी आत्मघातकी विमानांनी बुडवली. १९५ क्रमांकाच्या जहाजावर तर स्वतःचीच रॉकेटे पेटून फुटली. किनाऱ्यावर मारा करण्यासाठी दारूगोळ्याने भरलेले जहाज विमानांच्या वाटेवर पहाऱ्याला उभे करणे, ही त्या खलाशांवर पडलेली फार कठोर जबाबदारी होती, असे मला मनापासून वाटते.

याच सांगाड्यावरून चार जहाजे बुडालेली जहाजे उचलण्याच्या कामासाठी तयार केली गेली. काही रॉकेट-जहाजे पुढे कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांतही वापरात होती.

युद्धानंतर सोव्हिएत संघासाठी पोलंडमध्ये याच जातीची मध्यम जहाजे बांधली गेली. त्यांत नाळेची कवाडेही होती आणि रॉकेट सोडणाऱ्या नळ्याही. म्हणजे अमेरिकेने दोन जहाजांत वाटलेले काम इथे एकाच जहाजाकडे आले. भारतानेही ती घेतली. डिसेंबर १९७१ मध्ये 'घडियाल' आणि 'गुलदार' आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायला गेली, तेव्हा समोरच्या वाळूच्या दांड्याने ती अडली. दांड्यापलीकडे पाणी पुन्हा खोल होते, आणि त्यात उतरलेल्यांपैकी काही जवान बुडाले.

त्या 'गुलदार'चे नाव पुढे दुसऱ्या जहाजाला देण्यात आले. ते पोलंडमध्ये बांधले गेले, १९८५ मध्ये नौदलात आले आणि जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला निवृत्त झाले. २०२५ मध्ये ते महाराष्ट्राच्या पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले, कारण सिंधुदुर्गातल्या निवतीच्या खडकांजवळ ते समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याची योजना आहे. बुडवण्याआधी अशा जहाजातून तेल आणि समुद्राला घातक असे सारे काढून ते स्वच्छ करावे लागते. पाणबुड्यांना तिथे कधी ते पाहायला मिळाले, तर त्यांनी पुढे नाळेपाशी जाऊन ती कवाडे नीट पाहावीत, आणि मग मागे वळून पिछाडीच्या नांगराची जागाही शोधावी.

नमस्कार.