कारणाचा रकाना

नमस्कार श्रोतेहो.

३० ऑक्टोबर २०२५ ची रात्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, आणि गाठायच्या होत्या ३३९ धावा. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली. शतक झालं तेव्हा तिनं बॅटसुद्धा उंचावली नाही, कारण काम उरलं होतं. ठाण्यापासून पनवेलपर्यंत त्या रात्री फटाके वाजले. पण माझ्या लक्षात राहिलं ते सामन्यानंतरचं. पत्रकारांसमोर बसून ती सरळ म्हणाली की स्पर्धेत मनाची घालमेल सोसवत नव्हती, आईला फोन करून रडायची. मधल्या एका सामन्यात तिला बाहेरही बसवलं होतं. हे सगळं तिनं स्वतःहून सांगितलं, जिंकल्याच्या रात्री सांगितलं, आणि खरं कारण सांगितलं.

खरं कारण, श्रोतेहो. आज मला बोलायचंय ते याच्यावरच.

मोठमोठे खेळाडू हातपाय धड असताना, ऐन स्पर्धेतून, मन ठीक नाही म्हणून बाजूला होतात. नाओमी ओसाका २०२१ मध्ये फ्रेंच ओपनमधून निघून गेली. तिचं आधीचं म्हणणं एवढंच होतं, की टेनिस खेळते, पण पत्रकार परिषदा नकोत. त्यावर तिला १५,००० डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी इंग्लंडचा बेन स्टोक्स भारताविरुद्धच्या मालिकेआधी थांबला. त्याचं बोटही पुरतं बरं नव्हतं, पण पहिलं कारण मनाचंच होतं. त्याआधी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेलनं अॅडलेडला श्रीलंकेविरुद्ध २८ चेंडूंत ६२ धावा कुटल्या, आणि चारच दिवसांत विश्रांती मागून घेतली. म्हणजे फॉर्म गेला म्हणून कुणी जात नाही. हे पुन्हा सांगतो, कारण चहाच्या टपरीवर पहिलं वाक्य हेच असतं, "फॉर्म गेला, आता मनाचं निमित्त." अठ्ठावीस चेंडूंत बासष्ट!

आणि अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स. टोकियो ऑलिंपिक, २७ जुलै २०२१, सांघिक अंतिम फेरी. व्हॉल्टवर, म्हणजे टेबलावरून उडी मारताना, हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, तिनं दीडच घेतली आणि कशीबशी पायांवर उतरली. हवेत असताना आपण कुठे आहोत, जमीन कुठल्या बाजूला आहे, हेच तिला कळेनासं झालं होतं. जिम्नॅस्ट मंडळी याला ट्विस्टीज म्हणतात. डोक्यावर ताण असला की वर्षानुवर्षांच्या सरावानं अंगात मुरलेली हालचाल अचानक परकी होते. अंधारात रोजचा जिना उतरताना एकदम वाटतं ना, की अजून एक पायरी आहे की संपल्या? तसं. फक्त ही बाई त्या वेळी जमिनीपासून माणसाहून जास्त उंचीवर, उलटी असते. तिनं मैत्रिणींना सांगितलं, मी थांबते, तुम्ही करा. अमेरिकेला रौप्य मिळालं.

हे मी टीव्हीवर पाहिलं आणि ताडकन उठून बसलो. कारण हे मी आधी पाहिलं होतं. टोकियोत नव्हे, खाडीपलीकडे, कळव्याच्या बाजूला, मातीच्या मैदानावर.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कबड्डीच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसायचो. लाकडी टेबल, वर हॅलोजन, समोर ताजी मारलेली फक्की. मॅट वगैरे भानगड नव्हती. मातीवर कबड्डी बघितलेल्या माणसाला मॅटवरची कबड्डी पाहताना जीव रमत नाही, असं माझं मत आहे, आणि ते कुणाला पटत नाही. असो. गावातल्या मंडळाचा संघ अंतिम फेरीत होता, आणि त्यांचा सगळा भरवसा एका चढाईपटूवर. नाव सांगत नाही, कारण तो आजही रेडिओ ऐकतो.

काय पोरगा होता! डावीकडून चढाईला शिरायचा, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानातली निदान रेषा ओलांडायचा, कोपऱ्याला हुलकावणी द्यायचा आणि उलट्या पावली परत. एकदाही मागे वळून न पाहता. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर असते. तेवढं अंतर माघारी यायचं, तोंड प्रतिस्पर्ध्याकडे आणि पाठ मध्यरेषेकडे ठेवून. चढाईपटूला पाठीमागची रेषा न बघता ठाऊक असावी लागते. त्याला ती ठाऊक असायची.

त्या दिवशी मैदानाच्या कडेला एका ऑफिसच्या संघाचे निवडकर्ते बसले होते. पोरगा चमकला तर नोकरी. तुम्हाला माहीतच आहे, त्या काळात कबड्डीवर घरं उभी राहायची. घरच्यांनी त्या नोकरीच्या भरवशावर मोठ्या भावाचं लग्नसुद्धा ठरवून टाकलं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढे कधीतरी त्यानंच सांगितलं.

सामना सुरू झाला. त्याची एक चढाई झाली, घोटा पकडला गेला, त्यानं मागे हात टाकला. नेहमी हा हात रेषेवर पडायचा. या वेळी वीतभर अलीकडे. बाद. होतं असं कधीकधी. पुढच्या चढाईला मात्र जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यानं एक गडी टिपला, सुटला, उलटा पळत आला, कुणी त्याला धरलेलं नाही, मागे कुणी नाही, आणि रेषेच्या पाऊलभर अलीकडे, प्रतिस्पर्ध्याच्याच मैदानात, हा थांबला. सरळ उभा राहिला. आणि दम सोडला. त्याला वाटलं, आलो घरी! पंचांची शिट्टी वाजली, आणि अख्खं मैदान दोन सेकंद गप्प. मग एकच आरडाओरडा, "पैसे खाल्ले! पैसे खाल्ले!"

त्यानंतरच्या चढाईत त्यानं मान वळवून मागे पाहिलं. चढाईपटूनं मागे पाहायचं म्हणजे संपलंच की. समोरचे सात जण साखळी सोडून तुटून पडले.

मध्यंतर झालं. संघाचे मास्तर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते, संध्याकाळी पोरांना खेळवायचे. माझं टेबल त्यांच्या बाकाला लागूनच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. पोरगा म्हणाला, "मास्तर, मना मधली रेष कलत नाय. कुठं गेली कलतच नाय."

मास्तरांनी विचारलं, "दम हाय?"

"दम हाय."

"पायाला काय झालं?"

"पायाला काय नाय."

मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मला वाटलं, आता एक कानाखाली वाजवतील, कारण त्या काळची मानसोपचार पद्धती तीच होती. पण म्हणाले, "बस माझ्याजवळ." आणि पाण्याची बादली सांभाळणाऱ्या राखीव पोराला म्हणाले, "तू उतर." संपलं. दुसरा प्रश्न नाही.

आता खरी गंमत पुढे. मंडळाचे एक कार्यकर्ते धावत माझ्या टेबलाशी आले. पांढरा सफारी, हातात नारळ. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गुडघा लिही."

मी म्हटलं, "कसला गुडघा?"

"अरे, बदली खेळाडू कशाला घेतला ते लिहायला नको? गुडघा दुखावला, असं लिही."

मी गुणपत्रिका त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, "साहेब, बनियनचा नंबर आहे, वेळ आहे. कारणाचा रकानाच नाही. कबड्डीत कारण विचारत नाहीत."

त्यांना हे पटेना. ते तडक निवेदकाकडे गेले आणि माईकवरून घोषणा झाली, "आपल्या लाडक्या खेळाडूच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्यामुळे..." मैदानात हळहळ! ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी "पैसे खाल्ले" म्हटलं, तेच म्हणायला लागले, "बिचारा, गुडघ्यावर खेळत होता." सामना चार गुणांनी गेला. मिरवणुकीसाठी बेंजोवाले आधीच ठरवले होते आणि पैसेही देऊन झाले होते, म्हणून उपविजेत्यांची मिरवणूक निघाली. टेम्पोत पुढे त्याला बसवलं, गुडघ्याला टॉवेल गुंडाळून. धडधाकट गुडघ्याला!

दुसऱ्या दिवसापासून त्याची पंचाईत सुरू. गावभर गुडघ्याची चौकशी. आत्या निरगुडीचा पाला शेकायला घेऊन आली. शेजारच्या काकांनी मालिशवाल्याकडे नेलं. मालिशवाल्यानं हाड सरकलंय असं सांगून, ते बसवलंसुद्धा! आणि हा पोरगा, ज्याचे पाय उत्तम होते, तो गावातून लंगडत चालायचा. आता लंगडायचीही सवय लागते. आज उजवा पाय, उद्या डावा. एका म्हातारीनं त्याला नाक्यावर अडवून विचारलं, "पोरा, दुखणं इकडून तिकडं गेलं काय रं?" तो मला सांगायचा, की रेष हरवली त्याचं दुःख होतंच, पण लंगडताना कुठला पाय ते लक्षात ठेवण्यानं जास्त थकलो. आधीचं ओझं होतं ते होतंच, त्यावर खोट्या गुडघ्याचं आणखी एक.

बरं, ही कळव्याचीच रीत आहे असं समजू नका. फेब्रुवारी २००६. इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक भारत दौरा अर्धवट टाकून बडोद्याहून घरी परतला. आधी सांगितलं गेलं, घरगुती कारण. मग म्हणे, कसलासा संसर्ग. खरं कारण नैराश्य आणि मनाची प्रचंड अस्वस्थता, हे पुढे त्यानं स्वतःच उघड केलं. म्हणजे इंग्लंडच्या संघातसुद्धा कुणीतरी पांढऱ्या सफारीवाला होताच. गुडघा लिही! व्हायरस लिही!

विराट कोहलीचं घ्या. २०१४ चा इंग्लंड दौरा, कसोटीचे १० डाव, १३४ धावा. पाच वर्षांनी मॅक्सवेलनं विश्रांती घेतली तेव्हा कोहलीनं त्याचं कौतुक केलं आणि सांगितलं, की त्या दौऱ्यात मलाही सगळं संपल्यासारखं वाटत होतं, पण कुणाशी काय बोलावं, कसं बोलावं, ते कळत नव्हतं. भारताचा सर्वांत नावाजलेला फलंदाज, आणि बोलायचं कुणाशी हा प्रश्न! २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यानं सांगितलं की महिनाभर बॅटला हात लावला नाही, आणि ८ सप्टेंबरला अफगाणिस्तानविरुद्ध शतक ठोकलं. आता, विश्रांती घेतली म्हणून शतक झालं, असं मी म्हणणार नाही. ही असली गणितं मांडली की पुढचा जो विश्रांती घेऊन येईल आणि शून्यावर बाद होईल, त्याची खैर नाही. थांबणं हा काही धावांचा टॉनिक नव्हे.

बाइल्सचं मात्र पुढचं सांगायलाच हवं. टोकियोतच, ३ ऑगस्टला, ती बीमच्या, म्हणजे अरुंद पट्टीवरच्या कसरतींच्या, अंतिम फेरीत उतरली. शेवटची उडी बदलून, तिच्यातली गिरकी काढून टाकून. जे हरवलं होतं ते बाजूला ठेवलं, जे शाबूत होतं त्यावर खेळली, आणि कांस्य घेतलं. पॅरिसला २०२४ मध्ये तीन सुवर्णं आणि एक रौप्य.

आणि आमचा पोरगा? पुढच्या हंगामात मास्तरांनी त्याला उजव्या कोपऱ्यात उभा केला. बचावाला. तिथून मध्यरेषा डोळ्यांसमोर असते, पाठीमागे नाही. दोन हंगाम त्यानं नुसते घोटे पकडले, आणि काय पकडले! चढाई तो मग पुढे कधीतरी हळूच करायला लागला. तोवर भावाचं लग्न नोकरीशिवायही लागून गेलं होतं. मास्तरांना या सगळ्याचं कुणी प्रशिक्षण दिलं होतं, असं नाही. फिटर माणूस. खडखडणारं यंत्र बंद करून बघायचं असतं, हे त्यांना माहीत.

आजकाल घोडबंदर रोडवर दर दोन सोसायट्यांआड एक अकादमी आहे. संध्याकाळी जाळीबाहेर आई-बाबा मोबाइल धरून उभे, पोराचा प्रत्येक फटका रेकॉर्ड होतोय. माझं स्पष्ट मत आहे की सरावाच्या वेळी पालकांना तलावपाळीला भेळ खायला पाठवावं. पोरगं म्हणालं, आज नको, की पहिला प्रश्न, "ताप आहे का? पोट दुखतंय का?" मग पोरगं तरी काय करणार? पोट दुखतंय म्हणतं. गुडघा लिहितं. त्या पोराला मास्तरांसारखे दोनच प्रश्न विचारा, दम आहे का, पायाला काही झालंय का. दोन्हीची उत्तरं ठीक आली आणि तरी ते नको म्हणत असेल, तर जवळ बसवून घ्या. रेषेचं ते स्वतः सांगेल, आज नाही तर चार दिवसांनी. आणि चार दिवसांऐवजी चार आठवडे झाले, झोप उडाली, जेवण तुटलं, तर मालिशवाल्याकडे नेऊ नका. ज्याचं काम आहे त्याच्याकडे न्या. ठाण्या-नवी मुंबईत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, सरकारी रुग्णालयांतही आहेत. आणि घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतून. नंबर लिहून घ्या, १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. हा फक्त खेळाडूंसाठी नाही. परीक्षेच्या पोरासाठी, रात्रपाळीच्या माणसासाठी, घरातल्या आजींसाठीही आहे.

पेन्सिल सापडली नसेल त्यांच्यासाठी आणखी एकदा, सावकाश. एक. चार. चार. एक. सहा. नमस्कार.