६१७४ : गणिताच्या एका तासाचे चित्रण

(दृश्य : ठाणे स्थानक, सकाळची गर्दी)

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी ठाण्याला पोहोचली. या स्थानकापासून थोड्याच अंतरावरील एका शाळेत, सातवीच्या वर्गात, बाईंनी आज फळ्यावर तोच आकडा लिहिला आहे : १८५३.

(दृश्य : फळा, खडू, मुलांच्या वह्या)

अंक आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ८५३१ मधून १३५८ वजा केले की ७१७३ उरतात. ७७३१ मधून १३७७ गेले की ६३५४. ६५४३ मधून ३४५६ गेले की ३०८७. पुढची मांडणी ८७३० वजा ०३७८ अशी आहे आणि डावीकडचे शून्य लिहिलेच पाहिजे, असा बाईंचा आग्रह आहे, कारण ते गाळले तर पुढे एखाद्या वेळी चारांचे तीन अंक होतात. उत्तर ८३५२. त्यावरून ६१७४, आणि ६१७४ वर तीच क्रिया केली तरी पुन्हा ६१७४.

(दृश्य : फाटकाबाहेरच्या गाड्या, क्रमांकाच्या पाट्या)

आता मुले एमएच ०४ च्या गाड्यांवरचे चार अंकी क्रमांक उतरवून घेत आहेत. चारही अंक सारखे असतील तर पहिल्याच वजाबाकीत शून्य येते. एरवी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

ही संख्या शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा आणि माध्यमिक शिक्षण ठाण्यातले. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळाशिक्षक होते. त्यांनी अभ्यासलेल्या संख्यांच्या एका प्रकाराला ‘डेम्लो’ हे नाव मिळाले ते डोंबिवली स्थानकावरून, कारण ती कल्पना त्यांना तेथे सुचली. एक शाळामास्तर फावल्या वेळात हे करू शकला, याची आठवण गणिताच्या प्रत्येक वर्गात व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

(दृश्य : हात वर केलेली मुले)

गंमत म्हणून हा तास येथेच संपवता आला असता. बाईंनी मात्र विचारले, की असे का होते? चार अंकांतील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यातील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर वजाबाकीचे उत्तर ठरते : पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट. १८५३ साठी हे फरक ७ आणि २ आहेत. ६९९३ आणि १८० मिळून ७१७३ होतात. पहिला फरक १ ते ९ यांपैकी एक असतो आणि दुसरा त्याहून मोठा असूच शकत नाही, म्हणून अशा जोड्या होतात फक्त ५४. ज्या ८,९९१ संख्या एकेक करून तपासाव्या लागल्या असत्या, त्यांच्या जागी ५४ जोड्या तपासणे पुरते, आणि तेवढ्या तर वर्गातल्या मुलांना वाटून देता येतात.

शाळेत गणित कशासाठी, या प्रश्नाला ‘हिशेब यावा म्हणून’ हे उत्तर घरोघरी मिळते आणि ते खोटे नाही. पण राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने याहून मोठे उद्दिष्ट मांडले : मुलाच्या विचारालाच गणिती वळण लागावे, गृहीत धरलेल्या गोष्टीवरून निष्कर्षापर्यंत तर्काने जाता यावे. सगळ्या संख्या न तपासताही सगळ्यांबद्दल खात्रीने बोलता येते, हे समजणे हा त्याचाच भाग आहे. जेथे केवळ रीत पाठ होते, तेथे अनेक मुले दहावीनंतर गणिताला रामराम ठोकतात आणि त्याबरोबर पुढचे कितीतरी अभ्यासक्रमही हातचे जातात.

(दृश्य : फळा पुसला जातो, नवी मांडणी)

तीन अंकांनी हीच क्रिया केली तर मुक्काम ४९५ वर होतो. दोन अंकांत मात्र एकच एक संख्या येत नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असा फेरा सुरू राहतो. असे का, याचे कारण मुलांनी उद्या वहीत पूर्ण वाक्यांत लिहून आणायचे आहे.