वायू निवडणारा पडदा

नमस्कार, श्रोतेहो.

निफाड-दिंडोरीकडे ज्यांच्या गोठ्यामागे गोबर गॅसची टाकी आहे, त्यांना ठाऊक आहे की त्याची आच सिलिंडरइतकी कडक नसते. त्यात साधारण 60 टक्के मिथेन. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि तो जळतच नाही. हा गॅस गाडीत भरायचा, तर कार्बन डायऑक्साइड आधी काढावा लागतो. अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणात तो शोषला जातो खरा, पण द्रावण पुन्हा वापरायचं तर तापवावं लागतं. म्हणजे इंधन मिळवायला इंधनच जाळायचं! त्यापेक्षा पॉलिमरचा, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या पदार्थाचा, पडदा बरा. तो एक वायू सहज पार जाऊ देतो, दुसऱ्याला अडवतो.

कल्पना जुनीच. 1866 मध्ये रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी रबराच्या पातळ पापुद्र्यातून हवा ओढली, तर पलीकडे ऑक्सिजन 21 चा 41 टक्के झाला. नेहमीच्या पॉलिमरची अडचण अशी, की त्याच्या साखळ्या लवचिक. एकमेकींना बिलगून फटी बुजवतात. 2004 मध्ये मँचेस्टरच्या पीटर बड आणि नील मॅकिऑन यांच्या गटानं 'पिम-1' नावाचा पॉलिमर पुढे आणला. त्याची साखळी ताठ, आणि जागोजागी कायमची मुडपलेली. बाभळीची वाकडी लाकडं कितीही रचा, मोळी घट्ट बसत नाही, तसंच हे. राहिलेल्या फटी 2 नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान, पण एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग 700 चौरस मीटरच्या वर. गंमत म्हणजे एवढं सच्छिद्र असून हे क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. सपाट बशीत ओतून क्लोरोफॉर्म सावकाश उडू द्या, पिवळाधमक पापुद्रा सुटून येतो.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू 0.33 नॅनोमीटरचा, मिथेनचा 0.38. फरक एवढासाच, पण कार्बन डायऑक्साइड पॉलिमरमध्ये मुरतोही जास्त, म्हणून तो भराभर पार होतो. मिथेन अलीकडेच दाबाखाली राहतो, आणि आपल्याला तो दाबाखालीच हवा असतो.

मग हा पिम-1 चा पडदा घरोघरी का नाही? कारण तो म्हातारा होतो. साखळ्या हळूहळू सावरून बसतात, फटी आक्रसतात, प्रवाह घटतो. पडदा जितका पातळ, तितकं हे लवकर. आणि कारखान्याला तर पातळच हवा! सध्याचं बरंचसं काम म्हणूनच सेल्युलोज अ‍ॅसिटेट, पॉलिइमाइड अशा जुन्या मंडळींवर चालतं.

तेव्हा पडदा दाखवायला कोणी आलंच, तर पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर जाऊ नका. वर्षानंतर प्रवाह किती उरतो, ते विचारा. आणि टाकीतल्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड आणि सोबतची ओल, दोन्ही पडद्याच्या आधीच काढायची.