मोटारीच्या डोक्यावरची कडी

(दृश्य: सावदा-फैजपूर रस्त्यालगतचं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान. चेन कुप्पीवर, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीवर, मोटार वर चढते आहे.)

उन्हाळ्यात रावेर-यावलकडच्या केळीला पाण्याचा खाडा चालत नाही. मोटार जळाली की शेतकरी ती गाडीत टाकून थेट इथे येतो. सगळ्यांचं लक्ष तांब्याच्या तारेकडे, बिल किती होईल याकडे. पण एवढं वजन हवेत असताना खाली उभ्या माणसांचा जीव ज्याच्यावर असतो, तो हा आयबोल्ट. वर गोल कडी, खाली आटे.

(जवळून: कारागीर भोकातला जुना रंग आणि माती खरवडतो, बोल्ट हाताने फिरवत बसवतो.)

कडीच्या बुडाशी ही चपटी कॉलर पाहा. आटे पुरते बसले की ती मोटारीच्या अंगाला चहूबाजूंनी टेकलीच पाहिजे. फट राहिली, तर तिरका ताण कॉलरवर न जाता दांड्यावर येतो आणि बोल्ट आट्यांपाशी वाकतो. भोक साफ करायला लागणारी ही दोन मिनिटं कुणीही वाचवू नयेत.

डीआयएन 580 या जर्मन मानकाप्रमाणे 12 मिलिमीटरचा घडीव आयबोल्ट सरळ वर ओढला तर 340 किलो पेलतो. साखळी 45 अंशांत तिरकी झाली की 240 किलोच. तीही कडीच्या रेषेत असावी. कडीला आडवी ओढ बसता कामा नये.

(दृश्य: दोन आयबोल्ट, दोन साखळ्या, वर एकच हूक.)

दोन साखळ्या लावल्या म्हणजे भार निम्मा झाला, असं बरेच जण धरून चालतात. साखळ्या उभ्या असतील तरच ते खरं. त्या फाकल्या आणि जमिनीशी 30 अंशांचा कोन उरला, तर एकेका साखळीत अख्ख्या वजनाएवढा ताण येतो. अशा वेळी लांब साखळी घ्यावी, कोन उभा होतो.

आणखी एक. मोटारीवरची कडी एकट्या मोटारीसाठी असते. पंप जोडलेला असेल तर त्याच कडीला धरून सगळा संच उचलायचा नाही. सळई वाकवून केलेली, तोंड उघडं राहिलेली कडी तार बांधायला ठीक. वजन उचलायला मुळीच नाही.

(जवळून: लांबट झालेली कडी, ग्राइंडरच्या ठिणग्या.)

कडी ताणली गेली, दांडा वाकला किंवा आटे झिजले, तर तापवून, ठोकून सरळ करू नका. कापून दोन तुकडे करा आणि मगच भंगारात टाका, म्हणजे घाईच्या वेळी तो पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाही.