डिग्री झाली, आता केस कोण शिकवणार?

(पुण्यात पेट प्रॅक्टिस करणाऱ्या तरुण व्हेट्ससमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण इंटर्नशिप संपवून नुकतेच पुण्यात आलेत, कुणी कोथरूडला, कुणी वाकडला, कुणी हडपसरला असिस्टंट म्हणून लागलंय, आणि मागच्या रांगांमध्ये स्वतःची क्लिनिक चालवणारी सीनियर मंडळी दिसतायत. ती आली हे फार बरं झालं, कारण आजचं अर्धं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

आपली बीव्हीएससी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री, साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. एवढ्या काळात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, कोंबडी, कुत्रा, मांजर, शिवाय दूध-मांस, पोषण, ब्रीडिंग, साथीचे रोग, सगळं बसवायचं. आणि ते तसंच असायला हवं, महाराष्ट्राला गोठ्यात जाणारा डॉक्टर लागतोच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मग कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला किती येतं? इंटर्नशिपमध्ये स्मॉल ॲनिमलचे काही आठवडे, तेही एका टेबलाभोवती पाच-सहा जण उभे, हातात सुई एकाच्या. आणि लगेच पुढच्या महिन्यात तोच मुलगा किंवा मुलगी रात्री साडेअकराला क्लिनिकमध्ये एकटी असते आणि समोर धापा टाकणारा लॅब्रॅडॉर.

लोक म्हणतात, एमव्हीएससी करा की, म्हणजे पुढची मास्टर्स डिग्री. जरूर करा. मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, जे आवडेल ते. आपल्याला जवळचं कॉलेज म्हणजे सातारा रोडवरचं शिरवळ, नाहीतर मुंबईला परळ, १८८६ सालचं जुनं कॉलेज आणि शेजारी बाई साकरबाई हॉस्पिटल, तिथे केसेसना तोटा नाही. पण एमव्हीएससी दोन वर्षांची, त्यात कोर्सवर्क, सेमिनार, आणि मग थीसिस. थीसिसने रिसर्चची शिस्त लागते, पेपर कसा वाचायचा ते कळतं, मला त्याची किंमत आहे. तरी एका विषयाचा डेटा गोळा करणं वेगळं आणि दारातून जे येईल ते सांभाळणं वेगळं. माणसांच्या डॉक्टरांचं बघा, ससूनमध्ये एमडीचा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, तीन वर्षं वॉर्डात राहतो, रात्री ॲडमिट केलेला पेशंट सकाळी राउंडला सरांसमोर मांडतो, का दिलं, किती दिलं, आता काय करणार, याची उत्तरं देतो. रोजची ही उलटतपासणी म्हणजेच ट्रेनिंग, आणि आपल्याकडे नेमकी तीच नाही.

अमेरिकेत आपल्या व्यवसायाने हे बसवलंय. डिग्रीनंतर साधारण एक वर्ष रोटेटिंग, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत फिरत, इंटर्नशिप, मग मेडिसिनसारख्या विषयात तीन वर्षांची रेसिडेन्सी, स्पेशालिस्टच्या देखरेखीखाली, आणि मग स्पेशालिस्ट म्हणून मान्यता देणाऱ्या बोर्डाची परीक्षा. युरोपातही जवळपास तोच साचा. ते आपल्याकडे उद्या होणार नाही हे मलाही दिसतंय. पण ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात एक मधला रस्ता आहे, तो मला पुण्यासाठी जास्त जवळचा वाटतो: नोकरी करत करत एकेक विषय घ्यायचा, कार्डिओलॉजी म्हणा, ॲनेस्थेशिया म्हणा, स्वतःच्या केसेस लिहून काढायच्या, कुणीतरी जाणकार त्या तपासणार. क्लिनिक सोडावं लागत नाही, आणि शिकलेलं दुसऱ्याच दिवशी टेबलावर वापरता येतं.

आता एक केस घेऊ, म्हणजे मी काय म्हणतोय ते नीट पोचेल. बोका येतो, तीन-चार वर्षांचा, ओनर सांगतात डॉक्टर याला दोन दिवस शी होत नाहीये, सारखा लिटर ट्रेमध्ये बसून जोर लावतोय. घरच्यांना ती बद्धकोष्ठता वाटते. पोटाला हात लावला की लिंबाएवढा टणक गोळा लागतो, म्हणजे लघवी तुंबलीये. नवीन डॉक्टरचा हात कुठे जातो? कॅथेटरकडे, म्हणजे लघवीच्या मार्गात घालायच्या नळीकडे. साहजिक आहे, अडलंय ते मोकळं करायचं, आणि कॅथेटर घालणं कॉलेजात शिकवलेलंही असतं. पण शेजारी सीनियर असेल तर तो म्हणेल थांब, आधी हृदयाचे ठोके मोज. घाबरलेल्या मांजराचे क्लिनिकमध्ये एरवी १८०-२०० असतात, इथे १०० लागले तर ते मांजर शांत नाहीये, ते मरायला टेकलंय. लघवी अडली की पोटॅशियम चढतं आणि पोटॅशियम हृदयाला धरतं. ईसीजी लाव, त्या आलेखात टी वेव्ह नावाच्या लाटा टोकदार झाल्यात का, पी वेव्ह गायब आहे का बघ. शिरेतून हळूहळू कॅल्शियम ग्लुकोनेट दे, पण लक्षात ठेव की त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला फक्त वीस-तीस मिनिटांचं संरक्षण मिळतं, तेवढ्या वेळात सलाईन, गरज पडली तर ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, आणि मग सांभाळून भूल आणि मग कॅथेटर. आणि मोकळं झालं म्हणून घरी पाठवायचं नाही, कारण पुढचे एक-दोन दिवस ते मांजर धो धो लघवी करू शकतं, मग सलाईन त्या हिशोबाने वाढवावं लागतं, नाहीतर वाचलेलं मांजर पाणी कमी पडून खचतं.

यातलं सगळंच्या सगळं पुस्तकात आहे बरं का. क्रम मात्र पुस्तकातून हातात उतरत नाही, तो कुणीतरी शेजारी उभं राहून दोन-चार वेळा 'थांब, आधी हे' म्हटल्यावर उतरतो. म्हणून वीकेंडच्या वर्कशॉपवर मी थोडा नाराज असतो. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस स्लाइड्स, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि सोमवारी परत एकटे. वर्कशॉपला जाऊ नका असं नाही, नवीन काय आलंय ते तिथे कळतं, पण त्याला ट्रेनिंग म्हणून स्वतःचं समाधान करून घेऊ नका.

भुलीचंच घ्या. २००८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला, ११७ क्लिनिकमधली सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरं. भूल किंवा सेडेशनशी (गुंगीच्या औषधाशी) संबंधित मृत्यू कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के आणि मांजरांमध्ये ०.२४ टक्के. यातले बरेचसे मृत्यू ऑपरेशन चालू असताना नाही झाले, नंतर झाले, आणि नंतरचे बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणजे टाके घातले, ग्लोव्ज काढले, ओनरला फोन केला की सगळं छान झालं, आणि पेशंट कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एकटा. त्या तीन तासांत तापमान कोण घेतंय, हिरड्यांचा रंग कोण बघतंय? हे कुठल्याही महागड्या मशीनशिवाय होतं, फक्त एक माणूस आणि एक कागद लागतो, आणि नवीन मुलांना पहिल्या दिवसापासून त्या कागदाची सवय लावणारा सीनियर लागतो.

आणि गोचीड ताप! पुण्यात ताप आला, प्लेटलेट्स कमी आल्या, की 'टिक फीवर', डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक) चालू. बऱ्याचदा असतोही, गोचिडातून येणाऱ्या एर्लिकिया या जंतूला डॉक्सीसायक्लिनच द्यायचं. पण बबेसिया, म्हणजे गोचिडातूनच येणारा लाल रक्तपेशींमधला परजीवी, असेल तर नुसत्या डॉक्सीने भागत नाही, आणि बबेसियातही मोठा कोणता नि लहान कोणता यावर औषध बदलतं, लहान बबेसिया गिब्सोनीला नेहमीचं डिमिनाझीन हे औषध पुरत नाही, तिथे ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिनची जोडी द्यावी लागते. हे ठरवायला पहिली पायरी म्हणजे ब्लड स्मिअर, काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब: एक काचपट्टी, एक स्टेन (रंग), एक मायक्रोस्कोप. मशीनचा आकडा येतो म्हणून स्मिअर बघणं सुटत चाललंय. ज्या क्लिनिकमध्ये सीनियर स्वतः डोळा लावून बसतो तिथली पोरं बघतात, जिथे तो बसत नाही तिथली नाही बघत. इतकं साधं आहे ते.

आता मागच्या रांगांशी बोलतो. असिस्टंट ठेवताना आपण काय बघतो? लसी देईल, सलाईन लावेल, रात्रीचे फोन घेईल. त्याच्या पगारात त्याचं शिकणं धरलेलं नसतं, म्हणून तो वर्षभरात दुसरीकडे जातो किंवा स्वतःचं टाकतो, अर्धवट तयारीने, आणि मग त्याच्या केसेस सेकंड ओपिनियनला तुमच्याकडेच येतात. माझं म्हणणं असं की औंध-बाणेर घ्या, कोथरूड-कर्वेनगर घ्या, तीन-चार क्लिनिकनी मिळून एक नवीन डॉक्टर वर्षभर फिरता ठेवावा. एकाकडे सर्जरी चांगली चालते, एकाकडे सोनोग्राफी आणि इको आहे, एकाकडे मांजरं जास्त येतात. पगार वाटून घ्या, आणि पगार पूर्ण द्या, शिकवतोय म्हणून फुकट राबवून घ्यायचं नाही. रात्री तो एकटा असेल तर फोनवर कोण उपलब्ध आहे ते नाव भिंतीवर लिहिलेलं हवं, आणि फोन आला तर उचलणारा वैतागलेला नको.

आठवड्यातून एकदा तासभर बसायचं, आणि बऱ्या झालेल्या केसेसपेक्षा दगावलेल्या केसेस आधी घ्यायच्या. कुणी चुकलं हे ठरवायला नाही, कुठल्या वेळी काय दिसत होतं आणि तेव्हा वेगळं काय करता आलं असतं एवढंच. ओनर तयार असतील तर पोस्टमॉर्टेम करा. विचारायला आपणच कचरतो, पण नीट, बसून, मराठीत समजावून विचारलं तर काही जण हो म्हणतात, त्यांनाही कळायचं असतं की आपलं पोर का गेलं. आणि हे विचारणं, युथनेशियाबद्दल (वेदनेतल्या प्राण्याला शांतपणे मरण देण्याबद्दल) बोलणं, उपचाराचा खर्च आधी स्पष्ट सांगणं, हेही सीनियर करत असताना खोलीत उभं राहूनच शिकता येतं, त्यासाठी असिस्टंटला बाहेर पाठवू नका.

आणि तुम्ही पुढच्या रांगेतले, तुम्ही उद्यापासून केस लॉग चालू करा. साधी वही चालेल. पेशंट काय घेऊन आला, मला पहिल्यांदा काय वाटलं, मी काय केलं, शेवटी काय निघालं. 'पहिल्यांदा काय वाटलं' हा रकाना डायग्नोसिस कळायच्या आधीच भरायचा, नंतर भरला तर त्याचा उपयोग नाही. नोकरी बघायला जाल तेव्हा पगाराबरोबर हेही विचारा की माझ्या केसेस कोण बघणार आणि आठवड्यातून किती वेळ. ज्यांना फिरत्या वर्षाची कल्पना पटतेय त्या क्लिनिकवाल्यांनी चहाच्या वेळात थांबा, कुणाकडे कुठल्या केसेस जास्त येतात ते आजच लिहून घेऊ.