कचऱ्यावरचं रान

[दृश्य: ड्रोनमधून. पत्र्यांची छपरं, मग रस्ता, मग झाडी]

वरून पाहिलं की आधी दिसते ती धारावी. पत्र्याला लागून पत्रा, त्यावर निळी ताडपत्री, पाण्याच्या टाक्या. मग गाड्यांनी भरलेला सायन-वांद्रे लिंक रोड. आणि रस्ता ओलांडला की एकदम गर्द झाडी. थेट मिठी नदीच्या काठापर्यंत, ३७ एकर. हे महाराष्ट्र निसर्ग उद्यान.

[दृश्य: पायवाट, वरून झिरपणारं ऊन]

नावात उद्यान असलं तरी हे रान आहे. पाचोळा पडतो तिथेच कुजतो, त्याचीच माती होते. त्या मातीत कीटक, कीटकांमागे पाखरं.

(इथे निवेदन नाही. फक्त पाखरांचा आवाज.)

[दृश्य: क्लोज-अप. मुळांपाशी मातीतून डोकावणारा प्लास्टिकचा तुकडा]

हा तुकडा नीट बघा. कोणी आज सकाळी टाकलेला नाही हा. सत्तरच्या दशकापर्यंत ही जागा मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होती. वर्षानुवर्षं शहराचा कचरा गाड्या भरभरून इथे येऊन पडत होता. ह्या झाडांची मुळं त्याच कचऱ्यात उतरली आहेत.

कचऱ्यावर झाड जगवणं सोपं नसतं. आत कुजणं चालूच असतं, त्यातून मिथेन वायू निघतो, जमीन आतून तापते. मुळांना लागणारी हवाच मिळत नाही. रोप आठवडाभर तरारतं आणि मग माना टाकतं. तरीही, इथे जंगल उभं करता येईल, असं काही माणसांना वाटलं. वन्यजीव वाचवण्याचं काम करणाऱ्या वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या कार्यकर्त्यांनी ही कल्पना मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं ती उचलून धरली.

[दृश्य: जुन्या झाडाचा बुंधा, खालून वर]

१९८३ मध्ये पहिलं झाड लावलं डॉ. सालिम अलींनी. पक्ष्यांमागे आयुष्य घालवलेला हा माणूस. वयाची ८५ वर्षं उलटून गेलेली, आणि समोर उघडाबोडका उकिरडा. त्यानंतर लोक लावत गेले. मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं रोप, दुसऱ्याच्या जागी तिसरं. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं, म्हणजे पहिल्या झाडानंतर तब्बल ११ वर्षांनी. जंगलाला एवढा वेळ द्यावाच लागतो. ठेका देऊन ते सहा महिन्यांत होत नाही.

[दृश्य: तळं, पाण्यावर पडलेली पानं. मग रोपवाटिका: पिशवीत माती भरणारे हात]

पावसाचं पाणी तळ्यात साठवायचं, उन्हाळ्यात तेच झाडांना पुरवायचं. रोपवाटिकेत बघा, बोटानं माती दाबताना पिशवीच्या तळाला पोकळी राहू द्यायची नाही. पोकळी राहिली की मूळ वाळतं. हे काम आजही हातानंच चालतं.

[दृश्य: दुपार. पत्र्याखालची खोली, फिरता पंखा]

मे महिन्यात धारावीतल्या ह्या पत्र्याखाली दिवसभर भट्टी असते, आणि रात्री सिमेंट साठवलेली उष्णता सोडत राहतं. अंगाला निवायला वेळच मिळत नाही. त्याचा भार हृदयावर, रक्तदाबावर, म्हाताऱ्यांच्या श्वासावर. झाडं पानांतून पाणी सोडून हवा गार करतात, धूळ पानांवर अडवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं सुचवलंय, घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी. धारावीच्या रस्त्याकडेच्या गल्ल्यांना ती मिळाली. आतल्या गल्ल्यांना नाही.

[दृश्य: नदीकाठची तिवरं, पलीकडे काचेच्या इमारती]

पलीकडच्या काठाला वांद्रे-कुर्ला संकुल, बड्या कंपन्यांच्या कार्यालयांचं. अलीकडच्या ह्या उद्यानाच्या एकेका चौरस फुटाला काय भाव येईल, ते कोणालाही सांगायला नको. पण ही मोकळी जमीन नाही. ११ वर्षं खपून उभं केलेलं हे आरोग्यकेंद्र आहे, आणि ते इथेच राहायला हवं.

[दृश्य: शाळेची मुलं, पानाखालचा सुरवंट]

एका मुलीनं पान उलटून धरलंय. बाकीची तिच्या खांद्यावरून वाकून बघतायत.

(निवेदन संपतं. दृश्य चालू राहतं.)