पडवीतल्या गोणपाटाखाली

(दृश्य : पावसात भिजलेलं कौलारू घर. कुलूप उघडल्याचा आवाज.)

गणपतीच्या तोंडावर कोकणातली बंद घरं उघडतात. मुंबईहून आलेले चाकरमानी सामान पडवीत टेकवतात, आणि पाचदहा मिनिटांतच पोरं पाय खाजवायला लागतात. घोट्याभोवती लाल पुळ्या, तीन-चार एका ओळीत.

"त्या खंड्यानंच आणल्यात पिसवा," घरातली मोठी माणसं निकाल देऊन मोकळी होतात.

खंड्या शेजारच्यांचा कुत्रा. घर बंद असताना याच पडवीत गोणपाटावर झोपायचा. पण झड आत यायला लागली तसा त्यानं मुक्काम गोठ्यात हलवला, त्याला महिना झाला. मग या पिसवा इतके दिवस जगल्या कशावर?

(दृश्य : गोणपाटाची शिवण, अगदी जवळून.)

पिसवेची मादी कुत्र्याच्या अंगावर दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती केसांना चिकटत नाहीत. कुत्रा अंग झटकतो, आणि मिठाच्या कणांसारखी पांढरी अंडी जिथल्या तिथे गळतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून शिवणीत, फटीत शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेवर, म्हणजे वाळलेल्या रक्तावर पोसतात. कोरड्या हवेत त्या मरतात. कोकणातला पावसाळा त्यांना मानवतो.

पुढे अळी स्वतःभोवती चिकट कोश विणते. त्याला धूळ लागते, की तो दिसेनासाच होतो. आत तयार झालेली पिसू घाई करत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातून सुटणारा वायू यांतलं काही जाणवलं की बाहेर पडते. नाहीतर काही महिने तशीच थांबते. चाकरमान्यांनी सामान टेकवलं, तो हादरा पुरला.

(दृश्य : खंड्याच्या शेपटीच्या बुंध्याशी फिरणारी फणी.)

खंड्या पाठीचा मागचा भाग सारखा चावतोय. तिथले केस विरळ झालेत. फणीत काळी भुकटी आली. माती की आणखी काही? ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली. मिनिटभरात कडेनं तांबूस डाग पसरला. माती असती तर असा रंग सुटला नसता. हे रक्त आहे, पिसवेच्या पोटातून आलेलं.

जिवंत पिसू दिसायची एखादीच. गोचीड चिकटून बसते, ही केसांतून पळते. दोन्ही बाजूंनी चपटी, चिमटीत धरली तरी निसटते. म्हणून फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची.

पिसू म्हटलं की १८९६ चा मुंबईचा प्लेग आठवणारी घरं अजून आहेत. पण ती उंदरावरची पिसू, ही वेगळी. हिचा उपद्रव दुसरा : काही कुत्र्यांना हिच्या लाळेची ॲलर्जी होते. अंग चाटताना पिसू पोटात गेली, तर तिच्यातून पट्टकृमी, म्हणजे आतड्यातला चपटा जंतही जातो. मग शेपटीखाली त्याचे तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात.

(दृश्य : जनावरांचा दवाखाना. वजनकाट्यावर खंड्या.)

डॉक्टर आधी वजन बघतात, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. मग मानेवरचे केस बाजूला करून थेट कातडीवर थेंब सोडतात, जिथे त्याची जीभ पोचत नाही. घरात मांजर आहे का, हेही विचारतात. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

कडुनिंबाचा धूर घरोघरी करतात. करावा बापडा, पण कोशातल्या पिसवेला त्यानं काही होत नाही. शेतातल्या फवारणीचं औषध कुत्र्याला चोळणं मात्र निव्वळ अघोरीपणा. तो तेच अंग चाटणार आहे.

(दृश्य : परसात चूल. उकळत्या पाण्यात गोणपाट.)

खरं काम इथे आहे. गोणपाट उकळायचं, उन्हात टाकायचं, कोपरे आणि फटी रोज झाडायच्या, केर लांब नेऊन जाळायचा. गोठ्यातल्या त्याच्या नव्या जागेचंही तेच. एवढं करूनही पंधरवड्यानं चारदोन पिसवा दिसतील. "औषध लागू पडलं नाही" म्हणत लोक नेमके तिथेच थांबतात. त्या नव्यानं कोशातून निघालेल्या असतात. खंड्याच्या अंगावर चढल्या की औषधानं मरतात. म्हणून डोस निदान तीन महिने चुकवायचा नाही.

(दृश्य : शेजाऱ्यांची भिंत. कॅलेंडर.)

विसर्जन झालं, घराला पुन्हा कुलूप लागलं. शेजारच्या आजींनी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पानांवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : 'खंड्या – थेंब'.